रुखमाबाईचा अत्यंत ताबेदार नोकर

चामोर्शीच्या बाजारात मडकी विकणारे जिथं संपतात आणि सुकी मासोळी विकणारे सुरू होतात, त्या जागी मोहाच्या झाडाखाली लियाकत मुन्शी तीस वर्षं बसत आला होता. पुढ्यात लाकडी पेटी, पेटीवर दौत आणि टाक, डोक्यावर काळी टोपी आणि नाकावर एका काडीचा चष्मा. दुसऱ्या काडीचं काम दोऱ्यावर भागत होतं. धंदा अर्जनविसाचा. लोकांची गाऱ्हाणी सरकारला समजेल अशा इंग्रजीत लिहून द्यायची. सरकारला ती खरोखर समजतात का, हे मात्र तीस वर्षांत कोणी विचारायला गेलं नव्हतं.

मुन्शी इंग्रजी शिकला ती शाळेत नव्हे, चांदा शहरात एका गोऱ्या साहेबाच्या कचेरीत नकला करता करता. सात वर्षं तो दुसऱ्यांची पत्रं उतरवत होता. इंग्लंड कुठं आहे असं विचारलं तर तो मोघम पश्चिमेकडे हात करी. पण इंग्रजीवर त्याचा असा जीव होता की त्याची बायको शमसुन्निसा तिला सरळ 'माझी सवत' म्हणत असे, आणि जेवताना मुन्शी स्वतःशीच ओठ हलवायला लागला की म्हणायची, आली वाटतं ती पानावर.

सवतीचे नखरेही तसेच होते. बायको जशी नवऱ्याचं नाव घेत नाही, तशी इंग्रजी कागदावर महिन्याचं नाव घेत नसे. चालू महिना असला तर 'इन्स्टंट' म्हणायचं आणि गेला महिना असला तर 'अल्टिमो'. मुन्शीला हे फार आवडे. साहेब तुमची जमीन काढून घेई, तेव्हा 'मी काढून घेतली' असं कधीच लिहीत नसे. 'मला असं कळवण्याची आज्ञा झाली आहे' असं लिही. आज्ञा करणारा कोण, हे शोधत वर वर गेलं तर थेट विलायतेच्या राजापर्यंत जावं लागलं असतं, आणि त्यालाही कोणीतरी आज्ञाच केलेली निघाली असती. इतकी लाजाळू भाषा मुन्शीनं दुसरी पाहिली नव्हती.

शिवाय ती बदलत राही. त्रेचाळीस साली पुलाच्या कामावर एक फौजी ओव्हरसियर आला. तो कशालाही 'ओके' म्हणे. मुन्शीनं तो शब्द त्याच दिवशी वहीत उतरवून घेतला, पुढं तारीख घातली आणि कंसात लिहिलं, 'अर्जात वापरू नये.' स्वराज्य आलं तेव्हा तर पट्टेवालासुद्धा 'थँक्यू' म्हणू लागला. जुनी मंडळी नाकं मुरडत, पण मुन्शीला गंमत वाटे. आपली सवत या वयातही नवं लुगडं नेसते याचा त्याला मनातून अभिमानच होता.

मात्र अर्ज तो लिही तो जुन्या थाटाचाच, कारण गिऱ्हाईक जुनं होतं. चामोर्शीच्या बाजाराची एक रीत होती. अर्ज लिहून झाला की मुन्शीनं उभं राहून तो खड्या आवाजात इंग्रजीत वाचून दाखवायचा, आणि मगच गिऱ्हाईक अंगठा देणार. वाचन सुरू झालं की मासोळीवाल्या बाया माशा वारणं थांबवत. एका शब्दाचाही अर्थ कोणाला कळत नसे, पण ऐकून ऐकून कान तयार झाले होते. 'व्हेअरॅज', म्हणजे 'ज्याअर्थी', हा शब्द आला की माना डोलत. शेजारचा मडकीवाला लटारू तर बोटांवर 'व्हेअरॅज' मोजत असे. सातापेक्षा कमी भरले तर तो गिऱ्हाइकाला बाजूला घेऊन सांगे, पुन्हा लिहून घे, जोर नाही यात.

अशा या सुखी संसारात चोपन्न सालच्या पावसाळ्याच्या तोंडाशी खानझोडे साहेब आले.

खानझोडे साहेब जंगलखात्याचे अधिकारी. चामोर्शीहून मुलचेऱ्याकडे जाताना चार कोसांवर कोसमघाट नावाचं लहानसं गाव आहे, तिथं त्यांची कचेरी. वय तिशीचं, खाकी अर्धी चड्डी, डेहराडूनला शिकून आलेला माणूस. आल्या आल्या त्यांनी बाजारच्या चावडीवर एक हुकूम चिकटवला. यापुढं कोणताही अर्ज अर्ध्या पानापेक्षा मोठा असला तर वाचला जाणार नाही. अर्जात 'आय बेग टु स्टेट' म्हणजे 'मी भीक मागून सांगतो' असं लिहू नये, स्वतंत्र देशात कोणी भीक मागण्याचं कारण नाही. तसंच स्वतःला दीन, पामर, चरणरज वगैरे म्हणवून घेऊ नये. मुद्दा लिहावा आणि थांबावं.

मुन्शीनं तो हुकूम तीनदा वाचला. वाईट तर वाटलंच. ज्या नम्रतेवर त्यानं हात बसवायला सात वर्षं घालवली, ती आता गुन्हा ठरली होती. पण त्याच वेळी इंग्रजीनं पुन्हा कूस बदलली आणि आपण ती बदलताना पाहिली, याचा आनंदही त्याला लपवता येईना. त्यानं वहीत तारीख घातली आणि लिहिलं, 'आजपासून बेग बंद.'

अडचण आली ती गिऱ्हाइकांची. सूरजागडच्या डोंगराकडून लालसू नावाचा एक जण बांबू तोडायच्या परवान्यासाठी आला. मुन्शीनं त्याला नव्या हुकमाप्रमाणे अर्ध्या पानाचा अर्ज लिहून दिला. लालसूनं कागद उलटा करून पाहिला, मागची बाजू कोरी दिसली. मग त्यानं शांतपणे विचारलं की मुन्शीजी, शाई संपली काय, संपली असली तर मी पुढच्या बाजाराला येतो. आणि तो खरंच निघून गेला. लटारूनं त्या दिवशी मुन्शीकडं असं पाहिलं, जसं फुटकं मडकं विकणाऱ्याकडं पाहावं.

त्यानंतरच्या बाजारात रुखमाबाई आली.

रुखमाबाई जवळच्याच एका खेड्यातली, भाताची शेती असलेली. तिच्या मागं दोन पावलांवर तिचा नवरा मुखरू होता. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती आणि या पंचवीस वर्षांत तो दोनच पावलं मागं होता. तिचे दोन बैल, चांद्या आणि मोऱ्या, चरत चरत जंगलखात्याच्या सागाच्या नव्या लागवडीत शिरले होते. खात्याच्या नाकेदारानं ते धरले आणि कोसमघाटच्या कोंडवाड्यात घातले. साधा कोंडवाडा असता तर दंड भरून बैल त्याच दिवशी सुटले असते. पण नव्या लागवडीत शिरलेल्या जनावरांचा लिलाव करायचा, असा खात्याचा नियम होता. इकडं शेताच्या बांधीत भाताचे पऱ्हे, म्हणजे रोपं, रोवणीला आले होते. चिखलणीला बैल नाहीत म्हणजे यंदाचं भात गेलं, हे सांगायला कोणा शहाण्याची गरज नव्हती.

मुन्शीनं तिला नवा हुकूम सांगितला. अर्धं पान, बाई, त्याहून जास्त नाही.

"दोन बैलांले अर्धं पान?" रुखमाबाई म्हणाली. "म्हंजे एका बैलाले पाव पान?"

लटारू जोरात हसला. मासोळीवाल्यांनीही मान वळवली. मुन्शीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. गेल्या बाजारातला लालसू त्याला आठवला, आणि खरं सांगायचं तर हात शिवशिवतच होता. त्यानं पेटीतून पाच कोरे कागद काढले. रुखमाबाई सांगायला लागली की त्या दिवशी काय झालं, पण मुन्शीनं हात वर करून तिला थांबवलं. तुमचं नाव, गावाचं नाव आणि बैलांचा रंग एवढं सांगा, म्हणाला, बाकी मी पाहून घेतो.

आणि त्यानं पाहून घेतलं. पाच पानं भरली. बैल आले ते तिसऱ्या पानावर. त्याआधी साहेबांची न्यायबुद्धी, त्यांची कीर्ती, त्यांच्या वाडवडिलांची कीर्ती आणि अर्जदार बाईची धुळीहून धूळ असण्याची कबुली झाली. भीक चार वेळा मागितली. 'व्हेअरॅज' अकरा आले. मुन्शीनं उभं राहून वाचायला सुरुवात केली तेव्हा बाजार गप्प झाला, आणि संपलं तेव्हा लटारूची बोटं पुरली नव्हती. रुखमाबाईनं डोळे पुसले आणि समाधानानं अंगठा दिला. मुन्शी घरी गेला तो उगाच छाती काढून. शमसुन्निसानं विचारलं, आज सवत फार खूश दिसते.

पुढच्या बाजाराच्या दिवशी नाकेदारानं उत्तराचा लखोटा आणून दिला. रुखमाबाई तो न फोडता मुन्शीकडं घेऊन आली. मुन्शीनं फोडला, आधी मनात वाचला, आणि त्याचा चेहरा उतरला.

मुन्शीचा एक बाणा होता. पत्र सांगायचं तर शब्दन् शब्द सांगायचा, चांगलं तेवढंच सांगून वाईट गिळायचं नाही. त्यानं घसा साफ केला आणि मराठीत सांगायला लागला. साहेब म्हणतात, मॅडम, तुम्हाला असं कळवण्याचा मान मला मिळतो आहे की तुमचा अर्ज फार लांब असल्यामुळं वाचण्यात आलेला नाही. बैलांचा लिलाव परवा सकाळी अकरा वाजता कचेरीपुढं होईल.

मुखरू मटकन खाली बसला. मुन्शीलाही वाटलं की जमीन दुभंगावी आणि पेटीसकट आपल्याला पोटात घ्यावं. अर्धं पान लिहिलं असतं तर साहेबानं वाचलं असतं. पाच पानं आपण लिहिली ती बाईसाठी नाही, लटारूच्या बोटांसाठी लिहिली, हे त्याला लख्ख कळत होतं. पण पत्राची अजून एक ओळ बाकी होती, आणि बाणा सुटत नव्हता. त्यानं पडलेल्या आवाजात शेवटची ओळ वाचली आणि तिचाही अर्थ सांगितला. मॅडम, तुमचा अत्यंत ताबेदार नोकर असण्याचा मान मला आहे. खाली सही.

"थांबा," रुखमाबाई म्हणाली. "कोन कोनाचा नोकर?"

मुन्शीनं सांगितलं की साहेब तुमचे, पण तसं काही नसतं. इंग्रजीत पत्राच्या शेवटी असं लिहायची रीत आहे. मोठमोठ्या लाटसाहेबांनी फाशीच्या कागदावरसुद्धा असंच लिहिलेलं आपण उतरवून काढलं आहे.

"म्हंजे खोटं लिवते?"

आता इथं मुन्शीनं 'हो' म्हटलं असतं तर गोष्ट तिथंच मिटली असती. पण भर बाजारात, लटारू आणि मासोळीवाल्या ऐकत असताना, इंग्रजी खोटं बोलते असं त्याच्या तोंडून कसं निघणार? तीस वर्षांचा संसार होता. तो म्हणाला, "खोटं नाई, बाई. इंग्रजीत सरकारी कागदावर खोटं लिवत नाई."

रुखमाबाईनं पत्र त्याच्या हातून काढून घेतलं, चौघडी केली आणि चोळीत खोचलं. "मंग परवा कोसमघाटले जाऊ. तुम्ही बी चला, मुन्शीभाऊ. माह्या नोकराले वाचून दाखवाले कोनीतरी पायजे."

ती तिघं निघाली ती पायीच, कारण बंडीला जुंपायला बैल नव्हते. मुखरूच्या डोक्यावर मुन्शीची पेटी होती, मुन्शीच्या हातात छत्री होती आणि रुखमाबाई पुढं होती. वाटेवरच्या गाळात मुन्शीची वहाण दोनदा रुतली. चार कोस तो तिला परोपरीनं समजावत होता की साहेबापुढं हा विषय काढू नका. ती दर वेळी 'बरं' म्हणे, आणि त्या 'बरं' मधून मुन्शीला काहीही बरं वाटत नव्हतं.

कोसमघाटला पोचली तेव्हा दहा वाजून गेले होते. कचेरीपुढच्या पटांगणात चांद्या आणि मोऱ्या खुंट्याला बांधलेले, आणि बोली लावायला आलेले चार-सहा जण त्यांचे दात पाहत होते. रुखमाबाईनं तिकडं एकदा पाहिलं आणि सरळ कचेरीत शिरली.

खानझोडे साहेब टेबलापाशी होते. शेजारी हेडक्लार्क गुणवंतराव, पिकल्या मिशांचे, चार साहेबांच्या हाताखाली राहिलेले. रुखमाबाईनं पत्र काढून टेबलावर ठेवलं.

"साहेब जी, हा कागद तुमचाच नं?"

साहेबांनी पाहून हो म्हटलं.

"खालची सही बी तुमचीच?"

तीही त्यांचीच होती.

"मंग बैल सोडा," ती म्हणाली. "तुमची मालकीन सांगून राह्यली."

मुन्शी दारात छत्री मिटत होता, ती त्याच्याच्यानं मिटेना. गुणवंतरावांनी मिशीवरून हात फिरवला आणि तो तोंडावरच ठेवला. साहेबांनी पत्र उचलून शेवटची ओळ वाचली. ते महिन्याला शंभर पत्रांवर सही करत आणि ही ओळ ते आयुष्यात पहिल्यांदा वाचत असावेत, असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. मग त्यांनी मुन्शीकडं पाहून विचारलं की हे तुम्ही शिकवलंत का हिला. मुन्शी म्हणाला की नाही साहेब, मी फक्त वाचलं, लिहिलं होतं आपणच.

साहेब गुणवंतरावांकडं वळले. ही ओळ आपल्या किती पत्रांत जाते?

गुणवंतरावांनी अदबीनं सांगितलं, "सगळ्याच, साहेब. जुना मसुदा आहे. आपल्या आधीच्या साहेबांच्याही आधीचा."

म्हणजे या घटकेला जिल्हाभरच्या खेड्यांत, कोणाच्या पेटीत, कोणाच्या पाटाखाली, कोणाच्या छपराच्या काडीत, खानझोडे साहेब दीडेकशे घरांचे अत्यंत ताबेदार नोकर म्हणून पडून होते. साहेबांनी कपाळावर हात ठेवला. मग रुखमाबाईला समजावू लागले की बाई, ही नुसती बोलायची रीत आहे, तिचा तसा अर्थ घ्यायचा नसतो.

"अर्थ नाई तं लिवता काऊन?" रुखमाबाई म्हणाली. "मुन्शीभाऊनं मले धूळ लिवलं, भीक लिवली, तं तुम्ही म्हन्ले हे आता चालनार नाई, मुद्द्याचं बोला. लोकाईनं नवं बोलायचं अन् तुम्ही जुनंच ठेवायचं, असं कसं जी?"

साहेब चांगला माणूस होता. वाईट माणसाला अशा वेळी राग येतो, याला लाज आली. त्यांनी टाक उचलला आणि गुणवंतरावांसमोर त्या पत्रावरची शेवटची ओळ आडवी रेघ मारून खोडली. आजपासून ही बंद, म्हणाले. गुणवंतरावांनी आपल्या सोयरिकीतलं कोणी गेल्यासारखा चेहरा केला. दारातल्या मुन्शीनंही मनातल्या मनात वही उघडून तारीख घातली.

मग साहेब रुखमाबाईला म्हणाले की मी नोकर आहे हे कबूल, पण नोकराच्या हातातही कागद लागतो. नियमाबाहेर सोडायचे तर कारण कागदावर हवं. पाच पानं मी वाचणार नाही. अर्ध्या पानात मुद्दा लिहून आणा, पटला तर आत्ता सोडतो. त्यांनी घड्याळाकडं पाहिलं. अकराला वीस मिनिटं होती, आणि अकराला लिलाव पुकारावाच लागेल, तो वरून आलेला हुकूम आहे.

मुन्शी व्हरांड्याच्या पायरीवर पेटी घेऊन बसला. टाक दौतीत बुडवला आणि हात आपोआप 'मोस्ट हम्बली' लिहायला धावला. त्यानं कागद बदलला. या वेळी 'ऑनर्ड सर' पुढं टाक थांबलाच नाही, न्यायबुद्धीपर्यंत गेला. तिसरा कागद घेतला. पाच पानं लिहायला त्याला एक तास लागला होता आणि इथं अर्ध्या पानाची पहिली ओळ सापडत नव्हती. धूळ काढली, भीक काढली, वाडवडील काढले, तर हाती उरतं काय, तेच त्याला कळेना. शेवटी त्यानं मान वर करून बाईला विचारलं, "बैलाईनं रोपं खाल्ली का?"

"सागाचं पान बैल खाते का कधी?" ती म्हणाली. "गवत होतं मधात, थे खाल्लं. साहेबाले इचारा, जंगलाचाच तं साहेब आहे."

मुन्शी तिच्याकडं पाहत राहिला. गुरं सागाला तोंड लावत नाहीत, हे चामोर्शीतल्या कोणालाही ठाऊक होतं, त्यालाही ठाऊक होतं. त्याच्या पाच पानांत ते कुठंच नव्हतं. त्यानं भराभर तीन ओळी लिहिल्या. माझे दोन बैल कोंडवाड्यात आहेत. त्यांनी गवत खाल्लं, साग नाही, बैल साग खात नाहीत. रोवणी अंगावर आली आहे, बैल परत द्यावेत. रीतीप्रमाणे तो उठून उभा राहिला आणि वाचायला लागला. पटांगणातल्या लोकांनी कान टवकारले, तोवर वाचन संपलंसुद्धा.

त्यानं शाईची डबी पुढं केली. रुखमाबाईनं विचारलं, काय लिवलं? मुन्शीनं तीन ओळींचा अर्थ सांगितला. तिनं अंगठा मागं घेतला.

"ह्याच्यात बैलच बैल हाय," ती म्हणाली. "मी कुठी हावो?"

मुन्शीनं सांगितलं की मुद्दा बैलांचाच आहे, बाई. तिनं मान हलवली. हा कागद कोणाच्याही बैलांचा असू शकतो, म्हणाली. वाटेनं जाणाऱ्याचा बी. असल्या कागदावर मी अंगठा नाही देत.

आत घड्याळ दिसत होतं. आठ मिनिटं उरली होती. नाकेदारानं मोऱ्याचं दावं सोडून हातात धरलं. तेव्हा मुखरू पुढं आला. दोन पावलं ओलांडून तो तिच्या बरोबरीनं उभा राहिला आणि म्हणाला, दे नं अंगठा. ती त्याच्याकडं न बघता नाही म्हणाली. या बाईचे बैल एकदा आपल्या लांबणीनं गेले, आता आखूडपणानं जाणार, असं मुन्शीला वाटलं. आणि मग त्यानं ते विचारलं, जे तीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला विचारलं नव्हतं.

"तुमचं काय लिवू, बाई?"

पटांगणात चांद्या उभा होता, रुखमाबाई त्याच्याकडं पाहत राहिली.

"चांद्या चार दिवसाचा होता तवा त्याची माय मेली," ती म्हणाली. "थे गाय एकच होती घरी. शेजारून पावशेर दूध येत होतं, माह्या पोरीसाठी. म्या थे अर्धं चांद्याले पाजलं. सहा महिने. हे लिवता येते का इंग्रजीत?"

मुखरूनं मान खाली घातली. मुन्शीनं टाक बुडवला. त्याला वाटलं होतं अशा गोष्टीला मोठे शब्द लागतील, 'व्हेअरॅज' लागेल, पण लागलं काहीच नाही. यातला एक बैल मी माझ्या मुलीच्या वाटचं दूध पाजून वाढवला आहे. एवढंच लिहिलं. त्या सवतीच्या तोंडून इतकं साधं काही निघू शकतं, हे त्याला तीस वर्षांत माहीत नव्हतं. तिला कधी बोलूच दिलं नव्हतं त्यानं, फक्त नटवलं होतं. त्यानं ओळीचा अर्थ बाईला सांगितला. तिनं अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर असा दाबला की मागं उमटला.

साहेबांनी कागद वाचला. तिसऱ्या ओळीपर्यंत मान हलवत होते, चौथ्या ओळीवर थांबले. त्यांनी कागदावरून नजर न काढता हळूच विचारलं, "मुलगी... आहे ना?"

"हाय नं जी," रुखमाबाई म्हणाली. "दोन लेकराची माय झाली. पन अजून त्या बैलावर डूक धरून हाय. घरी आली की त्याले पानी नाई दाखवत."

साहेब हसले, पण डोळे टिपायला त्यांनी खिशातून रुमाल काढला हे गुणवंतरावांनीही पाहिलं. त्यांनी कागदाच्या खाली स्वतःच्या हातानं इंग्रजीत दोन शब्द लिहिले, दोन्ही सोडा. ना मान, ना आज्ञा, ना नोकर. सही केली तेव्हा अकराला तीन मिनिटं होती.

रुखमाबाईनं नाकेदाराच्या हातून दावं ओढून घेतलं आणि चांद्याचंही सोडलं. चांद्याच्या मानेवर एक चापट मारली, आणि साहेबाचा, मुन्शीचा, कोणाचाच निरोप न घेता ती बैल घेऊन वाटेला लागली. मुखरू मागं, दोन पावलांवर. मुन्शीची पेटी घेऊन जायची आहे हे त्याच्या लक्षातच राहिलं नाही.

मुन्शी पायरीवर एकटा बसून राहिला. आनंद झाला होता आणि लाजही वाटत होती, दोन्ही एकदम. तीस वर्षांत किती माणसं त्या मोहाच्या झाडाखाली येऊन बसली असतील, आणि प्रत्येकाला त्यानं हात वर करून थांबवलं होतं. त्यांच्याकडं सांगायला जे होतं, ते तसंच घेऊन ती परत गेली. आता ते विचारायला कुठं जाणार?

व्हरांड्याच्या टोकाला मघापासून एक म्हातारा उकिडवा बसला होता. देवाजी नाव. तो सरकत सरकत जवळ आला आणि म्हणाला की मुन्शीजी, आले आहातच तर माझाही एक अर्ज लिहून द्या. नाव देवाजी, गाव पलीकडचंच, बाकी तुम्ही पाहून घ्या.

मुन्शीनं कोरा कागद पेटीवर ठेवला. टाक बाजूला ठेवला, चष्म्याचा दोरा कानामागं नीट केला आणि त्याच्याकडं तोंड करून बसला.

"आधी सांगा, देवाजीभाऊ," तो म्हणाला. "सगळं सांगा. मले घाई नाई."